वजाबाकीचे नियोजन : सार्वजनिक आरोग्यातील तफावत-विश्लेषणाची चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात 'गॅप अ‍ॅनालिसिस' हा शब्द चांगलाच रुळला आहे. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापासून दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत कोणताही आराखडा त्याशिवाय पुरा होत नाही. मराठीत त्यास तफावत-विश्लेषण म्हणता येईल. कल्पना साधी आहे. जे असावयास हवे ते एका रकान्यात, जे आहे ते दुसऱ्या रकान्यात आणि दोहोंची वजाबाकी तिसऱ्या रकान्यात. ही तफावत ठराविक मुदतीत कशी भरून काढावयाची, कोणती आधी व कोणती नंतर, हे ठरविणे म्हणजे व्यूहात्मक नियोजन होय.

ही पद्धत मुळात चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. उणीव मोजल्याशिवाय नियोजन होत नाही. परंतु वजाबाकी करताना वरची संख्या कोणती घ्यावी, खालची कोठून आणावी आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, या तीन प्रश्नांवर सारे अवलंबून असते. मुस्लिम समाजाच्या संदर्भात या पद्धतीचा सर्वांत मोठा व उघड वापर २००८-०९ साली सुरू झालेल्या बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमात झाला. म्हणून त्यालाच मध्यवर्ती ठेवून येथे पद्धतीची चिकित्सा केली आहे.

भोर समितीची मोजपट्टी

आपल्या देशात आरोग्याच्या उणिवांची पहिली पद्धतशीर मोजणी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. समिती १९४३ साली नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ साली आला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली दर हजार जिवंत जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. त्याच सुमारास हा आकडा इंग्लंड-वेल्समध्ये ५८ व न्यूझीलंडमध्ये ३१ होता, हे समितीने शेजारी शेजारी मांडले. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, ही त्या वेळची स्थिती.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की समितीने एका प्रांताची तुलना हिंदुस्थानच्या सरासरीशी करून समाधान मानले नाही. माणसाला निरोगी जगण्यासाठी काय लागते आणि ते अन्यत्र कोठे साध्य झाले आहे, ही तिची मोजपट्टी होती. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व तिने आधी मांडले. मग अल्पकालीन व दीर्घकालीन असे दोन टप्पे आखले. म्हणजे तत्त्व आधी, मोजणी नंतर आणि मुदत त्यानंतर.

पुढे हा क्रम उलटला. १९५९ साली नेमलेल्या मुदलियार समितीने नवी प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडण्याआधी असलेली केंद्रे बळकट करावीत असे सांगितले होते. याचा अर्थ पहिल्या दशकातच 'केंद्र आहे, सेवा नाही' ही तफावत दिसू लागली होती. त्यानंतरच्या धोरणांत लक्ष्यांची भाषा प्रबळ झाली. १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने इ. स. २००० पर्यंत बालमृत्यू दर ६० च्या खाली आणण्याचे ठरविले. २००० साली तो ६८ होता. २००२ च्या धोरणाने २०१० पर्यंत ३० हे लक्ष्य ठेवले. २०१० साली तो ४७ होता. २०१७ च्या धोरणाने २०१९ साठी २८ हे लक्ष्य ठेवले. त्या वर्षी दर ३० होता व पुढच्या वर्षी तो २८ झाला. प्रगती झाली हे निर्विवाद. पण जेथे लक्ष्य मोठ्या अंतराने हुकले तेथे ते का हुकले याचा हिशेब पुढच्या धोरणात क्वचितच मांडला जातो. नव्या वर्षाचे नवे लक्ष्य मात्र न चुकता येते. जुनी तफावत समजून न घेता नवी मोजावयास घेणे हा आपल्या नियोजनाचा जुना दोष होय.

नव्वद जिल्हे आणि एक तक्ता

न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यानंतर केंद्र शासनाने देशातील ९० अल्पसंख्याक-बहुल जिल्हे निवडले. महाराष्ट्रातील परभणी, हिंगोली, बुलढाणा व वाशिम हे चार आणि कर्नाटकातील बिदर व गुलबर्गा हे दोन जिल्हे त्यांत होते. प्रत्येक जिल्ह्याची पायाभूत पाहणी सामाजिक शास्त्रांच्या संशोधन संस्थांकडून करून घेण्यात आली. एखाद्या समाजाच्या वस्तीचा जिल्हा धरून घरोघर पाहणी करणे आणि त्यावर निधी बांधणे, हे पाऊल स्वागतार्हच होते.

या पाहणी-अहवालांत एक तक्ता ठरलेला असे. त्यात दहा निर्देशक होते : साक्षरता, स्त्री-साक्षरता, काम करणाऱ्यांचे प्रमाण, काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, पक्की घरे, सुरक्षित पिण्याचे पाणी, घरात वीज, शौचालय, बालकांचे संपूर्ण लसीकरण आणि दवाखान्यातील प्रसूती. प्रत्येकापुढे जिल्ह्याचा आकडा, त्यापुढे अखिल भारतीय आकडा, मग दोहोंतील फरक आणि शेवटी त्या फरकानुसार प्राधान्यक्रम. फरक मोठा तर क्रम वरचा. जिल्ह्याचा आराखडा या क्रमावर उभा राहावयाचा होता. या तक्त्यावरील आक्षेप पुढे क्रमाने मांडले आहेत.

पहिला आक्षेप : सरासरी ही मोजपट्टी होऊ शकत नाही

२००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी संपूर्ण लसीकरण झालेली बालके ४३.५ टक्के होती. दवाखान्यात होणाऱ्या प्रसूती ३८.७ टक्के होत्या. आता समजा एखाद्या जिल्ह्यात लसीकरण ४६ टक्के आढळले. तक्त्यानुसार तेथे तफावत नाहीच, उलट अडीच टक्क्यांची शिल्लक आहे आणि प्राधान्यक्रम शेवटचा. प्रत्यक्षात त्या जिल्ह्यातील शंभरातील ५४ बालकांना सर्व लसी मिळालेल्या नाहीत. गोवर काही सरासरी विचारून येत नाही. गोवराचा फैलाव थांबविण्यास सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात. तेव्हा खरी तफावत ४९ टक्क्यांची आणि तक्त्यातील तफावत शून्याखाली.

ज्या देशाची सरासरीच खालावलेली आहे, तेथे मागासलेल्या जिल्ह्यास सरासरीपर्यंत आणणे म्हणजे त्यास सर्वांच्या वंचनेत समान भागीदार करणे होय. शिवाय जिल्ह्याचा आकडा २००८ चा आणि देशाचा त्याआधीचा, असाही काळाचा फरक होताच.

दुसरा आक्षेप : विजातीय गोष्टींची क्रमवारी

पक्क्या घरांतील तीस टक्क्यांची तफावत आणि प्रसूतीतील दहा टक्क्यांची तफावत यांत मोठी कोणती? अंकगणित पहिली म्हणेल. परंतु कच्च्या घरात राहणारे कुटुंब आणि अडलेली बाळंतीण यांना एकाच काट्यावर तोलता येत नाही. एकाचा उपाय खर्चिक व संथ, दुसऱ्याचा तातडीचा व तुलनेने स्वस्त. तफावतीचा आकार, तिची तीव्रता आणि ती भरून निघण्याची शक्यता या तीन वेगळ्या बाबी आहेत. तक्त्याने फक्त आकार पाहिला. परिणामी या कार्यक्रमातील निधी घरकुले, अंगणवाडीच्या इमारती, वर्गखोल्या व उपकेंद्रांच्या इमारती अशा बांधकामांकडे मोठ्या प्रमाणावर वळला.

तिसरा आक्षेप : जिल्हा हे एकक

जिल्हा अल्पसंख्याक-बहुल असला तरी त्यात झालेला खर्च अल्पसंख्याक वस्तीत होतोच असे नाही. इमारत जिल्ह्यात उभी राहिली की कागदावर तफावत कमी होते, मग ती कोणत्याही टोकास का उभी असेना. हा दोष पुढे मान्य करण्यात आला. बाराव्या योजनेत जिल्ह्याऐवजी ७१० तालुका-गट व ६६ शहरे हे एकक धरण्यात आले. २०१८ साली याच कार्यक्रमाचे नाव प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम झाले आणि शिक्षण, आरोग्य व कौशल्य यांसाठी ८० टक्के निधी ठेवण्याचे ठरले. सुधारणा योग्य दिशेने होती, पण ती पाच वर्षे उशिरा सुरू झाली.

दुसरी बाब शहरांची. पायाभूत पाहणी मुख्यतः गावांची होती. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील २७.८ टक्के लोक शहरांत राहत होते, पण मुस्लिमांत हे प्रमाण ३५.७ टक्के होते. महाराष्ट्रात तर दोन तृतीयांशाहून अधिक मुस्लिम शहरवासी आहेत. ग्रामीण आरोग्यासाठी उपकेंद्र ५,००० लोकांमागे, प्राथमिक केंद्र ३०,००० मागे अशी मानके फार पूर्वीपासून आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले. शहरी अभियान २०१३ साली. म्हणजे मधली आठ वर्षे शहरी गरिबांच्या मोहल्ल्यासाठी देशव्यापी मानकच नव्हते. आणि जेथे मानक नाही तेथे तफावतही निघत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तो अशाच दाट वस्त्यांत झाला, हे विसरता येणार नाही.

चौथा आक्षेप : 'किती' कळते, 'का' कळत नाही

हा सर्वांत गंभीर आक्षेप असून त्याचा पुरावा पोलिओ निर्मूलनाच्या इतिहासात आहे. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते आणि त्यांत मुस्लिम बालकांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा पुष्कळ अधिक होते. तफावत स्पष्ट होती. तिचा अर्थही लगेच लावला गेला : हा समाज लस नाकारतो. नकार होता हे खरे. वंध्यत्वाच्या अफवा होत्या, एरवी कधी न फिरकणारी यंत्रणा दर महिन्याला दोन थेंब घेऊन दाराशी का येते हा संशयही होता. त्यावर उपाय म्हणून स्थानिक स्त्रिया प्रेरक म्हणून नेमल्या गेल्या. उलेमांची मदत घेण्यात आली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया व जामिया हमदर्द या संस्था पुढे आल्या. न भेटलेल्या वा नकार दिलेल्या घरांची खूण दारावर करून प्रत्येक घराचे कारण वेगळे नोंदले जाऊ लागले. घर बंद होते, मूल आजारी होते, की नकार होता? हे तफावत-विश्लेषण होतेच. पण ते टक्केवारीवर थांबले नाही, उंबरठ्यापर्यंत गेले.

तरीही २००६ साली रुग्ण पुन्हा ६७६ वर गेले. त्याच वर्षी निकोलस ग्रासली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की पहिल्या प्रकारच्या पोलिओ विषाणूविरुद्ध त्रिगुणी लसीच्या एका मात्रेची परिणामकारकता उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के, तर उत्तर प्रदेशात केवळ ९ टक्के आहे. दाट वस्ती, उघडी गटारे, वारंवार होणारे जुलाब, यांमुळे थेंब पोटात जाऊनही रुजत नव्हते. अनेक मात्रा घेतलेली मुलेही लुळी पडत होती. म्हणजे जी तफावत संपूर्णपणे 'समाजाची मानसिकता' या खात्यात टाकली होती, तिचा मोठा हिस्सा गटाराच्या व लसीच्या खात्यातील होता.

निदान बदलताच उपाय बदलला. एकगुणी लस २००५ पासून वापरात आलीच होती. २०१० च्या जानेवारीत द्विगुणी लस आली. २००९ साली उत्तर प्रदेशातील ६६ व बिहारमधील ४१ अशा १०७ तालुका-गटांची योजना आखून लसीबरोबर स्वच्छता, जुलाबावर क्षार-संजीवनी व झिंक आणि स्तनपान यांवर भर देण्यात आला. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२ आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी देशाच्या पोलिओमुक्तीवर जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर उमटली. कारण न शोधता नुसती तफावत मोजली की दोष बहुधा रुग्णाच्या माथी येतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

उलट दिशेचे उदाहरण

तफावत नेहमी अपेक्षित दिशेलाच असते असेही नाही. मुस्लिम-बहुल गावांत आरोग्य सुविधा कमी असल्याचे सच्चर समितीने नोंदविले. त्याच अहवालात मुस्लिमांतील बालमृत्यू मात्र देशाच्या सरासरीहून कमी असल्याचेही नमूद आहे. दारिद्र्य जास्त, लसीकरण कमी, तरी बालके अधिक जगतात, हे कसे? मायकेल गेरुसो व डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी २०१८ साली याचे एक बलवान स्पष्टीकरण दिले. मुस्लिम कुटुंबांत शौचालयाचा वापर अधिक, आणि त्यांचे शेजारीही बहुधा मुस्लिम असल्याने परिसरात उघड्यावरील घाण कमी. या फरकाचा मोठा भाग त्यामुळे उलगडतो.

दहा निर्देशकांच्या तक्त्यास हे दिसणे शक्य नव्हते. त्यात शौचालय हा एक रकाना व लसीकरण हा दुसरा. एक घराची सोय, दुसरी आरोग्याची सेवा. दोघांचा संबंध व शेजारधर्माचा परिणाम कोणत्याच रकान्यात बसत नाही. आणि समाजात काय कमी आहे हेच शोधावयास निघालेल्या पाहणीला, समाजापाशी जे आहे ते जपावे कसे, हा प्रश्नच पडत नाही. हा दोष शासनापुरता मर्यादित नाही. आपल्या संघटनांची निवेदनेही बहुतेक वेळा हाच तक्ता पुढे सरकवितात : अमुक इतके टक्के मागे, म्हणून अमुक इतक्या इमारती द्या.

पाचवा आक्षेप : इमारत आहे, माणूस नाही

ग्रामीण आरोग्याच्या वार्षिक सांख्यिकीत दोन वेगळे शब्द येतात. मानकानुसार लागणारी पदे वजा कामावर असलेली माणसे, ही 'तूट'. मंजूर पदे वजा कामावर असलेली माणसे, ही 'रिक्त पदे'. सामान्य वाचकास दोन्ही सारखीच वाटतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. राज्याने पदेच मंजूर केली नाहीत तर रिक्त जागा शून्य दिसतात आणि तूट तशीच राहते. आमदारांनी सभागृहात रिक्त पदांचा प्रश्न विचारला आणि समाधानकारक उत्तर मिळाले, तरी गावात डॉक्टर नाही असे का होते, याचे उत्तर येथे आहे. ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर लागणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांपैकी सुमारे चार पंचमांश नाहीत, हे २०२१-२२ ची अधिकृत सांख्यिकीच सांगते. इमारतीने ही तूट भरत नाही. अपुऱ्या माणसांत नवी इमारत उघडली की तीच माणसे अधिक पातळ पसरतात.

मग विश्लेषण कसे असावे?

वरील विवेचनावरून तक्त्याला किमान पुढील जोड हवी असे दिसते. पहिले, तुलना सरासरीशी न करता गरजेच्या मानकाशी करावी. सरासरी माहितीसाठी शेजारी द्यावी. दुसरे, एकक वस्ती वा मोहल्ला असावे. निदान तालुक्यातील सर्वांत मागे असलेल्या पाच वस्त्यांचा आकडा वेगळा द्यावा. तिसरे, प्रत्येक तफावतीपुढे कारणाचा रकाना असावा : सेवा नाही, सेवा आहे पण वेळ गैरसोयीची, भाषा कळत नाही, वागणूक अपमानाची, की उपचारच परिणामकारक नाही. सीमाभागात व हैदराबादसारख्या शहरात बोली एक, फलकाची भाषा दुसरी व औषधाच्या चिठ्ठीची तिसरी असते. तेथे भाषेचा रकाना टाळता येणार नाही. चौथे, इमारत, मंजूर पद आणि हजर माणूस हे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत. पाचवे, मागील आराखड्याचे जे लक्ष्य हुकले त्याचे कारण पहिल्या पानावर द्यावे.

हे अव्यवहार्य नाही. ग्रामीण अभियानाखाली २००७ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुण्याच्या 'साथी' संस्थेने त्याचे समन्वयन केले. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचे गुणपत्रक भरावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावयाचे, अशी ती रीत. तेथे तफावत मोजणारा व तफावत सोसणारा एकच होता, म्हणून 'का' हा प्रश्न टळला नाही.

शैक्षणिक संस्थांनाही येथे काम आहे. ज्या मोहल्ल्यात आपली शाळा आहे तेथील प्रत्येक घरातील पाच वर्षांखालील मुलांची लसीकरण-पत्रिका पाहून नोंद करणे, हे समाजशास्त्राच्या किंवा गृहविज्ञानाच्या पदवी वर्गास एका सत्रात जमण्याजोगे आहे. राहिलेल्या प्रत्येक लसीपुढे आईने सांगितलेले कारण तिच्याच शब्दांत लिहावे. परिचारिका प्रशिक्षणाकडे मुलींना वळविणे हे दुसरे काम; कारण माणसांची तूट माणसे तयार केल्यानेच भरते.

निष्कर्ष

बहुक्षेत्रीय कार्यक्रमाने एका उपेक्षित समाजाच्या उणिवा शासकीय कागदावर आणल्या, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु सरासरीची मोजपट्टी, जिल्ह्याचे एकक, विजातीय निर्देशकांची क्रमवारी, कारणांचा अभाव आणि इमारतींचा सोस, या पाच दोषांमुळे त्याचे विश्लेषण वजाबाकीपुढे गेले नाही. ज्या पोलिओ मोहिमेला आरंभी या समाजाकडे बोट दाखवावे लागले, तिनेच पुढे घरोघर कारण विचारून व आपली लसही तपासून यश मिळविले. निवेदन लिहिणाऱ्यांनी आणि आराखडा आखणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे. पुढच्या वेळी तालुक्याचा आराखडा हाती येईल तेव्हा तिसऱ्या रकान्यातील आकडा पाहण्याआधी तो कशातून वजा केला आहे, हे विचारण्यापासून आरंभ करता येईल.